स्टन की टर्न: राउटरमागील इंटरनेट फोनसाठी काय निवडावे?

फोन लागतो, घंटी वाजते, पण समोरच्याचा आवाज येत नाही. या तक्रारीचे मूळ बहुधा राउटरच्या नॅटमध्ये (आतील खासगी पत्ते बाहेर सार्वजनिक पत्त्यात बदलणाऱ्या सोयीत) असते, कारण एसआयपी या कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या संदेशात फोन स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता लिहितो आणि त्या पत्त्यावर बाहेरून आवाजाची पॅकेट पोहोचूच शकत नाहीत.

यावर स्टन आणि टर्न हे दोन उपाय आहेत. स्टनमध्ये फोन बाहेरच्या सर्व्हरला, सहसा ३४७८ या पोर्टवर (पत्त्यासोबतच्या जोडणी-क्रमांकावर), विचारून आपला सार्वजनिक पत्ता आणि पोर्ट जाणून घेतो. पुढे आवाज दोन फोनांमध्ये थेट वाहत असल्याने सर्व्हरवर भार नगण्य राहतो. मात्र सिमेट्रिक प्रकारचा नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळ्या पोर्टची नोंद करतो. त्यामुळे सर्व्हरला दिसलेला पोर्ट समोरच्या फोनच्या कामाचा राहत नाही आणि स्टन तिथे हमखास अडतो.

टर्न सगळा आवाज मधल्या सर्व्हरमार्फत नेतो आणि यूडीपी (आवाज सहसा ज्याने जातो तो प्रोटोकॉल) अडवणाऱ्या फायरवॉलमधूनही टीसीपी किंवा कूटबद्ध टीएलएस जोडणीने वाट काढू शकतो. त्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते: जी.७११ या कोडेकच्या (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीच्या) कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद लागतात आणि सर्व्हर दूर असल्यास विलंबही वाढतो.

माझ्या मते साध्या घरगुती जोडणीला स्टन पुरतो, पण कडक फायरवॉलच्या कार्यालयात टर्न हवाच. फोनमध्ये आयसीईची, म्हणजे शक्य ते मार्ग तपासून त्यातला एक निवडणारी, सोय असेल तर ती जरूर वापरावी, कारण ती थेट मार्गाला प्राधान्य देते आणि तो न जुळल्यासच टर्नकडे वळते.