नऊ महिने, चार स्पीकर केबल, तीन आरसीए: वापरून काय कळलं

स्पीकरची केबल बदलली की आवाज बदलतो का, हे मी गेले नऊ महिने घरी तपासतोय. सोबत आरसीएही, म्हणजे बाकीची यंत्रं ॲम्पला जोडणाऱ्या केबल. मोठा फरक शेवटी एका केबलनेच पाडला, पण ती स्पीकरची नव्हती आणि महागही नव्हती. तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आधी सिस्टिम. एक इंटिग्रेटेड ॲम्प (सगळं एकाच डब्यात असलेला), जमिनीवर उभे राहणारे तीन-वे स्पीकर (खालचे, मधले, वरचे स्वर वेगवेगळ्या कोनांतून), एक डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला चालेल असा करून देणारा डबा), आणि रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल, त्याला मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग. ॲम्पपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत पाच मीटर वायर लागते. आधी तिथे ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर होती, पारदर्शक आवरणाची. बरीच वर्षं कपाटामागे पडून होती. ओढून काढली तर आतलं तांबं टोकापासून हातभर हिरवं पडलेलं. ब्लेडने खरवडलं की आत लाल तांबं निघत होतं, म्हणजे तार मेली नव्हती. पण स्क्रूखाली जाणारं टोकच हिरवं असेल तर जोड कच्चा होतो. डाव्या स्पीकरमधून अधूनमधून येणारी खरखर टोक कापून नवी तार उघडी केल्यावर गेली. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण एव्हाना मला उत्सुकता लागली होती.

तीन केबल आणल्या. एक साधी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची. दुसरी ४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे रिळावर तसं छापलेलं होतं. तिसरी वेणीसारखी विणलेली, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची, वर सुती जाळी. तिसरीची किंमत पहिल्या दोन्हींच्या कितीतरी पट होती, आणि खरं सांगायचं तर मला तीच आवडायला हवी होती.

वेणीची केबल जोडली त्या संध्याकाळी मी हरखून गेलो. आवाज स्पीकर सोडून थेट भिंतीपर्यंत पसरला होता. तानपुऱ्याची जवारी खोलीभर. डग्गा जरा हलका वाटला, पण मी मनाशी ठरवून टाकलं की आधीचा डग्गा फुगलेला असणार, खरा हाच. अकरा दिवस असं ऐकलं. मग एका माणसाच्या बोलण्याचं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं. असा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधे, समोर यायला हवा. माझी बहीण तेव्हा खोलीत आली आणि दारातच थांबली. "दादा, हा बोलतोय कुठून? मला माझ्या मागून ऐकू येतंय."

मी स्पीकरच्या मागे गेलो. त्या केबलच्या दोन्ही तारांवर एकाच रंगाची जाळी आहे. एका तारेवर फक्त एक बारीक काळा धागा आहे, तोच खूण म्हणून. उजव्या स्पीकरला मी तारा उलट्या जोडल्या होत्या. एक वूफर (स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग) हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकत होते आणि मधला आवाज कुठेच ठरत नव्हता. अकरा दिवस मी ज्या रुंदीचं कौतुक करत होतो ती या चुकीची होती.

हे तपासायची सोपी रीत सांगतो. ॲम्प बंद करून केबलची टोकं ॲम्पकडून सोडवा. दीड व्होल्टच्या सेलचं धन टोक लाल तारेला आणि ऋण टोक काळ्या तारेला क्षणभर टेकवा. स्पीकरमध्ये 'टप' होतं आणि वूफरचा कोन बाहेर येतो. माझा डावा बाहेर आला, उजवा आत गेला. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर बोट कोनाच्या अगदी जवळ धरा, हवेचा धक्का कळतो. मी आता केबल बदलल्यावर दर वेळी हे करतो.

यानंतर कानावर एकट्याने भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं आणि मीटर काढला. साध्या मल्टिमीटरने स्पीकर केबलचा रोध (विजेला होणारा अडथळा) नीट मोजता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरचाच रोध त्याहून जास्त भरतो. म्हणून केबलची लांबची टोकं एकमेकांना जोडली, जवळच्या टोकांतून पॉवर सप्लायने बरोबर १ अँपिअर सोडला आणि त्याच दोन टोकांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते पाहिलं. अँपिअर १ असला की जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिओहम, हिशोब करावाच लागत नाही. जाऊन-येऊन दहा मीटर तारेचे आकडे असे आले: जुनी बारीक वायर ३४८, साधी २.५ वाली ७०, वेणी ४२, आणि रिळावरची '४ वाली' ७९.

शेवटचा आकडा बघून मी तीनदा मोजलं. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचे सुमारे ४३ यायला हवेत. केबल हातात घेतली तर जाडीच्या मानाने हलकी वाटली. एक तार ब्लेडने खरवडली. वरचा लाल थर निघाला आणि खाली पांढरी चमक दिसली. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच असते. रिळावर त्याचा उल्लेख कुठेही नव्हता, याचा मला आजही राग आहे, कारण केबल घेणारा जाडी बघूनच घेतो. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि जोड सैल पडतो. दोन महिन्यांत मला ते स्क्रू दोनदा आवळावे लागले. केबल घेताना एक तार खरवडून बघा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

आता हा रोध कानाला कळतो का? स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. माझे स्पीकर खालच्या स्वरांत एका जागी ४ ओहमपर्यंत उतरतात आणि दुसरीकडे २० पर्यंत चढतात. बारीक वायरमध्ये ४ ओहमच्या जागी आवाज ०.७ डेसिबलने पडतो, २० ओहमच्या जागी फक्त ०.१५ ने. म्हणजे वायरच स्वरांचा तोल अर्ध्या डेसिबलने हलवते. २.५ वाल्या केबलमध्ये हाच फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. आणि २.५ वाली व वेणी यांच्यात ४ ओहमलासुद्धा ०.०६ डेसिबलचंच अंतर. चांदी तांब्याहून चांगली वाहक आहे हे खरं, पण जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी, आणि इथे तर नुसता मुलामा.

आकडे एकीकडे, मला ऐकूनही बघायचं होतं, तेही न बघता. एक केबल काढून दुसरी लावायला दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात आधीचा आवाज डोक्यातून पुसला जातो. ॲम्पवर स्पीकर ए-बी निवडायचा नॉब होता, म्हणून एक केबल ए-ला, दुसरी बी-ला आणि दोन्ही त्याच स्पीकरवर जोडल्या. यात एक गोम आहे. माझ्या ॲम्पचा नॉब फक्त लाल बाजू तोडतो. काळ्या तारा दोन्ही केबलच्या कायम जोडलेल्याच राहतात, म्हणजे बारीक वायर ऐकताना परतीच्या वाटेवर जाड वायर तिला मदत करत असते. असे कितीतरी प्रयोग घरोघरी चुकत असतील. शेवटी मी चार पोलचा स्विच डबीत बसवून ॲम्पच्या टोकाला लावला, लाल-काळ्या सगळ्याच तारा तोडणारा.

बहीण डबी घेऊन कपाटाआड बसली. दर वेळी नाणं उडवायची, आवाज कमी करून स्विच फिरवायची आणि म्हणायची, "हं, सांग आता." सोळा फेऱ्या. वेणी विरुद्ध २.५ मध्ये माझी ९ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाण्यापेक्षा फार वेगळं नाही. बारीक विरुद्ध २.५ मध्ये १४. पण बारीक वायरमध्ये एकूण आवाजच थोडा खाली जातो आणि कान जरा मोठ्या आवाजाला चांगला म्हणतो. म्हणून स्पीकरच्या टोकांवर १ किलोहर्ट्झला व्होल्टेज सारखं करून पुन्हा सोळा फेऱ्या केल्या. १२ बरोबर. नुसत्या अंदाजाने १२ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता साधारण ४ टक्के, तेव्हा मला फरक ऐकू येत होता असं मी धरतो. ऐकताना मी डग्ग्याच्या मींडेवर लक्ष ठेवलं होतं; बारीक वायरवर ती मधेच दबते.

स्पीकर केबलचं प्रकरण माझ्यापुरतं तिथे मिटलं. पुरेशी जाडी, खरं तांबं, घट्ट जोड. २०० तास वाजवल्यावर केबल 'मोकळी होते' असं म्हणतात, तेही केलं. आधीचे आणि नंतरचे मिलिव्होल्ट सारखेच.

आरसीए केबलकडे मी खरं तर शेवटी वळलो. तीन होत्या: टर्नटेबलची तीन मीटरची जुनी (टर्नटेबल समोरच्या भिंतीला होता), एक महागडी, वर बाण छापलेली, आणि एक मीटरची पातळ, हलकी, बघून कुणी हातात घेणार नाही अशी. बाण म्हणजे वीज एकाच दिशेने जाते असं नाही. त्या केबलमध्ये शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारी धातूची जाळी) एकाच टोकाला जोडलेली आहे, कुठल्या ते बाणावरून कळतं. डॅक आणि ॲम्पच्या मधे तिन्ही लावून पाहिल्या आणि काहीही कळलं नाही. ते साहजिक आहे. डॅकचा आउटपुट १०० ओहमचा. त्याला तीन मीटरच्या केबलचा ३९० पिकोफॅरडचा कपॅसिटन्स (केबलचा वीज साठवून धरायचा गुण) जोडला तरी वरचे स्वर कापले जाणं सुरू होतं ४ मेगाहर्ट्झच्या आसपास. कानाची हद्द २० किलोहर्ट्झला संपते.

पण तीच तीन मीटरची केबल टर्नटेबलला लावली की हिशोब पार बदलतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या आत बारीक तारेचं मोठं वेटोळं असतं. माझ्या कार्ट्रिजमध्ये ते सुमारे अर्धा हेन्री (वेटोळ्याचं माप) आहे. त्याच्याशी केबलचा कपॅसिटन्स मिळून एका जागी स्वर उचलतात आणि त्यापुढे झपाट्याने पडतात. माझी केबल ३९० पिकोफॅरड, टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) वायर आणि फोनो इनपुट (ॲम्पवर टर्नटेबल जोडायची जागा) मिळून आणखी सुमारे १३०. हा उंचवटा येतो १० किलोहर्ट्झच्या जरा खाली, म्हणजे बरोबर 'स' आणि 'श' जिथे टोचतात तिथे. कितीतरी कार्ट्रिजच्या कागदावर एकूण १०० ते २०० पिकोफॅरड असावेत असं लिहिलेलं असतं. मी इतकी वर्षं ते वाचून सोडून दिलं होतं.

टर्नटेबल उचलून ॲम्पशेजारी आणला आणि ती पातळ केबल लावली. तिचे ६५ धरून एकूण १९५. उंचवटा सरकून १६ किलोहर्ट्झला गेला. यासाठी सोळा फेऱ्यांची गरज पडली नाही. बहीण आतल्या खोलीतून विचारायला आली, "सुई बदललीस का?"

महागड्या आरसीएबद्दल एक तक्रारही नोंदवतो. तिचे प्लग इतके जड आणि पकड इतकी घट्ट की चार महिन्यांत डॅकचा एक जॅक हलू लागला आणि घरघर सुरू झाली. जॅकचा निसटलेला टाका पुन्हा सोल्डर करावा लागला. वेणीची केबलही ताठ आहे, भिंतीशी वळवताना बाइंडिंग पोस्टवर (तार आवळायच्या स्क्रूवर) ओढ येते. आणि टीव्ही जोडल्यावर येणारी मेन्सची गुणगुण कुठल्याच आरसीएने गेली नाही. ती ऑप्टिकल केबलने गेली, कारण तिच्यात धातूचा जोडच नाही, नुसता प्रकाश. तोशिबाने हा जोड १९८३ मध्ये आणला, पण माझ्या टीव्हीमागचं त्याचं झाकण नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत मी उघडलं नव्हतं.

आता स्पीकरला २.५ वाली आहे, टोकांना बनाना प्लग (सरळ आत घुसवायच्या पिना). वेणी डबीत परत गेली.

आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात अकरा रेकॉर्ड होत्या, ज्यांवर मी कधीतरी पेन्सिलीने 'घासलेली' असं लिहून ठेवलं होतं, कारण गाणारा 'स' म्हणाला की कानात काटा जायचा. गेल्या महिन्यात त्या एकेक करून पुन्हा लावल्या. दोन खरंच घासलेल्या आहेत. उरलेल्या नऊंवरची पेन्सिल मी खोडरबराने पुसली.