‘सेंड मी’ चालतं, मग ‘एक्स्प्लेन मी’ का नाही? व्याकरणाच्या ॲपचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या गणपतीपासून इंग्रजी व्याकरणाचं एक ॲप पैसे भरून वापरतेय. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये माझ्याकडे डिस्पॅच आहे. चलन, ई-वे बिल आणि पुण्या-कोइमतूरच्या पार्ट्यांना दिवसभर मेल. ड्रॉइंग पाठवा, पॅटर्न परत करा, टेस्ट सर्टिफिकेट कधी देताय ते कळवा. कोणाला काय द्यायचं, कोणाकडून काय यायचं, एवढाच मजकूर. आणि इंग्रजीत नेमकं तिथंच गाडं अडतं. त्यामुळे दोन कर्मांचा धडा मी घासून घासून केला. काळ आणि आर्टिकल नुसते चाळले, त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

आधी चांगलं. सुटे शब्द देऊन वाक्य जुळवायला लावणारा सराव खरंच उत्तम आहे. माणूस आधी आला तर ‘टू’ नको: ‘सेंड अस द ड्रॉइंग’. वस्तू आधी आली तर ‘टू’ हवाच: ‘सेंड द ड्रॉइंग टू अस’. आमच्याकडच्या मेलमध्ये सर्रास दिसणारं ‘सेंड टू अस द ड्रॉइंग’ टाकलं की लाल फुली. ‘बाय’, ‘मेक’, ‘गेट’ यांच्यासोबत ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतो, हेही न सांगता अंगवळणी पडतं. वस्तूच्या जागी ‘इट’ असेल तर ‘सेंड इट टू अस’ हेच ते बरोबर धरतं. ‘गिव्ह मी इट’ला मात्र सरळ चूक देतं, हे जरा अतीच, कारण ब्रिटनमध्ये बोलताना लोक तसं म्हणतात. ऑफिसच्या मेलात कोणी लिहीत नाही, म्हणून सोडून दिलं. खानापूरहून येताना बसमध्ये हा सराव मस्त होतो. फक्त मध्येच नेटवर्क गेलं की धडा पुन्हा पहिल्यापासून.

घोळ आहे तो मराठीतल्या स्पष्टीकरणात. ॲप म्हणतं, ज्याला ‘ला’ लागतो ते अप्रत्यक्ष कर्म. वाचायला सोपं, पण आपल्या भाषेत द्वितीयेलाही ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’. आमच्या गेटवरची रोजची दोन वाक्यं घ्या: ‘ड्रायव्हरला गेटपास पाठवा’ आणि ‘ड्रायव्हरला गेटवर पाठवा’. दोन्हीकडे ‘ड्रायव्हरला’. पहिल्यात पाठवायची वस्तू गेटपास, ड्रायव्हर घेणारा. म्हणजे ड्रायव्हर अप्रत्यक्ष कर्म. दुसऱ्यात पाठवायचा तो ड्रायव्हरच, म्हणजे प्रत्यक्ष कर्म. इंग्रजीत ‘सेंड द ड्रायव्हर द गेटपास’ला ‘सेंड द गेटपास टू द ड्रायव्हर’ असं फिरवता येतं. ‘सेंड द ड्रायव्हर टू द गेट’ मात्र फिरवून ‘सेंड द गेट द ड्रायव्हर’ होत नाही, कारण गेट ही जागा आहे, ती काही घेत नाही. ॲपचा ‘ला’चा नियम इथं आडवा होतो.

आमच्या शॉपमध्ये निम्मी माणसं कन्नड बोलणारी. हीच दोन वाक्यं मी स्टोअरमधल्या अण्णांना कन्नडमध्ये म्हणायला सांगितली. ‘ड्रायव्हरगे गेटपास कळिसि’ आणि ‘ड्रायव्हरन्न गेटिगे कळिसि’. झालं की काम! घेणाऱ्याला ‘गे’, ज्याच्यावर क्रिया घडते त्याला ‘अन्न’. मराठीत जे एका ‘ला’खाली झाकून जातं, ते कन्नडमध्ये उघड दिसतं. सीमाभागातल्या आपल्या पोरांना दोन्ही भाषा कानावरून येतात, मग ही सोय वापरायला काय हरकत आहे? ॲपमध्ये स्पष्टीकरणाची भाषा एकच निवडता येते, मराठी किंवा कन्नड. मी आता धडा कन्नडवर ठेवते आणि कोणी नवीन आलं की मराठीतून समजावते.

कन्नडही एका ठिकाणी हात टेकते, ते म्हणजे ‘एक्स्प्लेन’. ‘मला सांग’, ‘मला समजाव’ ही दोन्ही भाषांत एकाच वळणाची वाक्यं, पण इंग्रजीत ‘टेल मी’ चालतं आणि ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही; ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणावं लागतं. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘कन्फर्म’, ‘रिटर्न’ त्याच पंगतीतले. ढोबळ खूण अशी, की ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘टेल’, ‘लेंड’ असे इंग्रजीचे जुने, आखूड शब्द माणूस लगेच जवळ घेतात आणि लॅटिन-फ्रेंचमधून आलेले लांबडे शब्द ‘टू’ मागतात. ‘प्रॉमिस’ लॅटिनमधून आलेला असूनही ‘प्रॉमिस मी’ चालतं, त्यामुळे यादी पाठ करण्याला पर्याय नाही. ‘इन्फॉर्म’ तर तिसरीच तऱ्हा: ‘इन्फॉर्म अस द डेट’ नव्हे, ‘इन्फॉर्म अस ऑफ द डेट’. ॲपमध्ये यातलं ‘एक्स्प्लेन’ सोडून काहीच नाही. मी यादी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलीय. पार्टीकडून ‘काइंडली सजेस्ट अस’ आलं की आमच्याकडे आता सगळे एकमेकांकडे बघतात.

कर्मणी प्रयोगाचा भाग एका स्क्रीनमध्ये उरकलाय, आणि मेलला तोच सगळ्यात उपयोगी. दोन कर्मं असली की इंग्रजीत दोन कर्मणी रूपं होतात: ‘द रॉंग ड्रॉइंग वॉज सेंट टू अस’ आणि ‘वी वेअर सेंट द रॉंग ड्रॉइंग’. दुसरं वाक्य वाचून आमचे क्वालिटीवाले म्हणाले, “आपल्याला कुठं पाठवलं ओ मॅडम?” मराठीत घेणारा असा कर्त्याच्या जागी येऊन बसत नाही, त्यामुळे असं वाटणारच. पण तक्रार करताना हे वाक्य झकास: कोणी पाठवलं याचं नाव न घेता आपली अडचण पहिल्याच शब्दात येते.

वर्गणी पुढं चालू ठेवणार नाही. वाक्यं जुळवण्याचा सराव फुकटच्या भागातही थोडा आहे, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या पोरांना तेवढा पुरे. ऑफिससाठी घेणार असाल तर पैसे भरण्याआधी त्यात ‘कन्फर्म’ आणि ‘इन्फॉर्म’ शोधून बघा. दोन्ही नसतील तर ते ॲप तुमच्या मेलच्या कामाचं नाही.