रेझोनन्स बोर्ड: एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यानंतर

काल आमच्या लेकीच्या, चिऊच्या, रेझोनन्स बोर्डाचा भिंतीकडचा कोपरा उचलला तर प्लायचे पदर सुटलेले. आमचं घर तळमजल्यावर, त्यात साताऱ्याचा पाऊस, फरशीला ओल आणि वरून चिऊची लाळ. मधे टिचकी मारली तर अजून खणखणीत वाजतो, कोपऱ्यावर मात्र बद्द. दुरुस्त करायचा की नवा करायचा ते अजून ठरत नाही. तोवर लिहून टाकते, कारण उन्हाळ्याआधी मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल एक ओळ सापडली नव्हती.

बोर्ड म्हणजे काय ते आधी थोडक्यात. डेन्मार्कच्या लिली नीलसन यांची कल्पना. त्यांची चार भावंडं अंध होती आणि त्या पुढे आयुष्यभर अंध व बहुविकलांग मुलांबरोबर राबल्या. पातळ प्लाय, खाली फक्त कडेने पट्टी, मधला भाग जमिनीपासून सुटा. मूल वर निजतं, पाय आपटतं, आणि त्याने जे केलं ते त्याच्याच पाठीला कळतं. ऐकू येण्याची गरज नाही. बस्स, एवढंच यंत्र आहे. वीज नाही, ॲप नाही, सबस्क्रिप्शन नाही, म्हणून मला आवडलं.

आमची चिऊ साडेपाच वर्षांची. चार्ज सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच कान, डोळे अशा अनेक अवयवांत दोष. दोन्ही कानांना यंत्र, दोन्ही डोळ्यांत कोलोबोमा (डोळ्याच्या आत जन्मतः राहिलेली फट), त्यामुळे वरच्या बाजूचं दिसत नाही. वस्तू तिच्या छातीच्या खाली धरली तर मान वळते, डोळ्यांसमोर धरली तर नाही. आणि या सिंड्रोममध्ये कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका बऱ्याचदा नसतातच किंवा अर्धवट असतात. तेव्हा "तिला बसवा, बसवा" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. बसण्यातच तिची सगळी शक्ती संपते, हातांना काही करायला उरत नाही. आडवी असली की हात मोकळे. बोर्डाची गरज मला तिथून पटली.

आता मुख्य मुद्दा: जाडी. हा सगळा लेख जाडीवरच आहे असं वाटलं तर वाटू दे.

पहिला बोर्ड मी थेरपीचं सामान विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून तयार मागवला. साडेआठ हजार, वाहतूक वेगळी. आला तो १२ एमएम प्लायचा, वर इंचभर फोम आणि त्यावर निळं रेक्झिन. फोम! तबल्याला गोधडी गुंडाळून विकावा तसला प्रकार. फोन केला तर म्हणे, "मॅडम, सेफ्टीसाठी दिलाय." म्हटलं, अहो पण हा वाजायला हवा. "वाजतो ना मॅडम, जोरात मारून बघा." मग तीन आठवडे फोनाफोनी. आधी म्हणे "उघडलेला माल परत घेत नाही", मग "फोटो पाठवा", मग "तुमच्या थेरपिस्टचं पत्र पाठवा". शेवटी नेण्याआणण्याचा खर्च कापून क्रेडिट नोट दिली. पैसे नाहीत, क्रेडिट नोट. त्यांच्याकडून मी आता घेऊ काय? एवढे थेरपी बॉल ठेवायला आमच्याकडे जागा नाही.

दुसरा बोर्ड सुताराकडून. त्याला ४ एमएम म्हटल्यावर तो हसला. "ताई, ही कपाटाच्या पाठीला लावायची प्लाय. हिच्यावर पोरगी निजवायची? मोडंल." निदान ९ एमएम घ्या म्हणून अडून बसला. मी चारच म्हणाले. मग माझ्या माघारी मजबुतीसाठी मधोमध आडवी पट्टी ठोकून ठेवली, म्हणजे नेमकी जिथे प्लाय थरथरायला हवी तिथेच. ती काढायला लावली. सनमायका लावू का म्हणाला, नको म्हटलं. कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या, वरून पारदर्शक पॉलिशचे दोन हात मारले. खालच्या बाजूला मारले नाहीत, आणि पाणी तिथूनच शिरलंय हे आता दिसतंय. आठ बाय चारची शीट आणली होती, तिचे चार बाय चारचे दोन तुकडे झाले, एक कपाटामागे शिल्लक आहे. मजुरी धरून सगळं मिळून २,१०० रुपये. साडेआठ हजार कुठे आणि हे कुठे.

वर ठेवायला काही विकत घ्यायची गरज नाही. स्टीलच्या वाट्या, जुन्या बांगड्यांचा जुडगा, किल्ल्यांची साखळी, घट्ट झाकणाच्या डब्यात हरभरे. सुटे मणी, सुट्या बिया अजिबात नकोत, सगळं तोंडात जातं. सगळ्यात भारी निघाले पैंजण. घुंगरांचे पैंजण पायात घातले, पाय आपटला की घुंगरू आणि प्लाय एकदम वाजतात. पहिल्यांदा चिऊ थांबली, मग एकच पाय, डावाच, पुन्हा पुन्हा. उजवा नाही. दोन्ही पाय वेगळे आहेत हे तिला त्या दुपारी कळलं असावं असा माझा अंदाज आहे, आमच्या फिजिओथेरपिस्टना तो मान्य नाही.

एक त्रास कोणी सांगत नाही. पाठीवर निजल्यावर कानातलं यंत्र बोर्डाला दाबलं जातं आणि शिट्टी मारतं. कुशीवर वळली की जास्तच. आम्ही ऑडिओलॉजिस्टना विचारून बोर्डावरच्या वेळापुरती यंत्रं काढून ठेवतो. बॅटरीही वाचते, खोटं कशाला बोलू.

पहिल्या महिन्यात मी नीलसनबाईंचा नियम काटेकोर पाळला: मूल काही करत असताना मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही, ते थांबलं की मग बोलायचं. आमच्या सासूबाईंना हे अमानुष वाटे. "पोरीला एकटी टाकून बघत बसलीय," म्हणायच्या. मी स्वयंपाकघरात गेले की त्या बोर्डाच्या कडेला बसायच्या आणि चिऊने दोनदा आपटलं की बोटाच्या पेराने दोनदा वाजवायच्या. मला राग यायचा. मग एका वेबिनारमध्ये कळलं की नीलसनबाईंनीच पाच टप्पे सांगितलेत: आधी वस्तू देऊ करायची, मग मुलाची नक्कल करायची, मग देवाणघेवाण, मग काम वाटून घेणं, आणि शेवटी कृतीचा परिणाम अनुभवू देणं. सासूबाई न वाचता दुसऱ्या टप्प्यावर पोचल्या होत्या. आता दुपारची पाळी त्यांचीच. चिऊ आपटते, थांबते, उत्तराची वाट बघते. उत्तर उशिरा आलं तर कुरकुरते. म्हणून बोर्डाला जे तीन तारे द्यायचे ठरवले होते ते साडेचार केले. अर्धा प्लायच्या फुगण्याचा कापला.

हे वेबिनार म्हणजे अमेरिकेत बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनच्या पर्किन्स अंधशाळेचे. १८२९ सालची शाळा, हेलन केलर तिथे शिकल्या. रेकॉर्डिंग फुकट, पुन्हा बघता येतं. ॲक्टिव्ह लर्निंगचं, म्हणजे नीलसनबाईंच्या पद्धतीचं, वेगळं संकेतस्थळही आहे, ते पर्किन्स, टेक्सासची अंधशाळा आणि मिशिगनचं पेनरिक्टन सेंटर मिळून चालवतात. खजिना आहे, पण इंग्रजीत आणि फार लांबण लावतात. मी वेग दीडपट करून, भाजी निवडताना ऐकते. मराठी उपशीर्षकं कोणी केली तर मी पहिली पाया पडेन.

लिंका पाठवल्या त्या न्यू जर्सीच्या माझ्या वन्संनी. सोबत तिकडच्या उन्हाळी कार्यक्रमांचीही यादी. तिकडे प्रत्येक राज्यात बहिऱ्या-अंध मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा एक प्रकल्प असतो, जन्मापासून २१ वर्षांपर्यंत. देशभरात मोजलेली मुलं साधारण १०,००० आणि त्यांच्यासाठी एवढी व्यवस्था. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉकपोर्टला कॅम्प ॲबिलिटीज हा अंध मुलांचा खेळांचा कॅम्प १९९६ पासून चालतो, दर मुलामागे एक प्रशिक्षित माणूस. सँड्स पॉइंटच्या हेलन केलर नॅशनल सेंटरचे तरुण मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतात. कुटुंबांचे एकत्र मुक्काम असतात, भावंडांसाठी वेगळे तास असतात. फोटोत मुलं होडी वल्हवतायत. हेवा वाटला. आमच्या इथे एका सुट्टीच्या शिबिरात विचारलं तर "तिला घेऊन या, बघू" म्हणाले आणि परत फोन उचलला नाही. तिच्या दादाची फी मात्र लगेच घेतली. लॉस एंजेलिसचं जॉन ट्रेसी सेंटर मला त्या यादीत जास्त जवळचं वाटलं. एका बहिऱ्या मुलाच्या आईने १९४२ साली सुरू केलं, आणि त्यांनी घरबसल्या पालकांना पत्राने शिकवण्याची पद्धत पाडली. होडी नको, असं पत्र हवं.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. बहिऱ्या आणि बहिऱ्या-अंध मुलांसाठी मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे, बेरोझ वाच्छा यांनी सुरू केलेली, भायखळा आणि नवी मुंबईत महापे. अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया बहिऱ्या-अंधांसाठी १९९७ पासून वेगवेगळ्या राज्यांतल्या संस्थांमार्फत काम करते. पण साताऱ्याहून महापे म्हणजे घाट, गाडीभाडं, चिऊचं जेवण आणि तिच्या बाबांची रजा. मे महिन्यात रोजचं शिबिर आमच्यासाठी तरी घरातच होणार होतं, म्हणून बोर्डावर एवढा जीव.

बोर्डासोबत दिवसाचा क्रम वस्तूंनी सांगणारा कॅलेंडर बॉक्सही सुरू केला. त्याला मी आधी हसले होते. बुटांची खोकी ओळीने चिकटवायची, प्रत्येकात पुढच्या कामाची एक वस्तू, काम झालं की ती शेवटच्या टोपलीत टाकायची. नेदरलँड्सचे यान फान डाइक यांनी रुबेलामुळे बहिऱ्या-अंध जन्मलेल्या मुलांबरोबर काम करताना ही पद्धत घडवली. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम २०१७ ला सुरू झाली, महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात. ज्यांची लहान भावंडं लसीची राहिली असतील त्यांनी आज उठून जावं.

तर खोकी. ह्यांनी स्कूटरसाठी खोक्यात किल्ली ठेवली. किल्ली कोणाची? ह्यांची. चिऊने ती कधी हातात घेतलेलीच नाही. ती पुढे उभी राहते आणि आरशाची दांडी घट्ट धरते. गॅरेजमधून मोडक्या आरशाची दांडी चहाच्या पैशात आणली, टोकाला टेप गुंडाळला, खोक्यात ठेवली. चार-पाच दिवस काही नाही. मग एके सकाळी दांडी घेऊन दाराच्या दिशेने सरपटत निघाली. ह्यांना ऑफिसला उशीर झाला, पण कॉलनीला एक फेरी मारावीच लागली. तेव्हापासून बोर्ड आधी की खोकी आधी असं कोणी विचारलं तर मी खोकी म्हणते. त्यांना तर २,१०० रुपयेही लागत नाहीत. वस्तू देताना एक सांभाळा: तिचा हात पकडून वस्तूवर ठेवायचा नाही, आपला हात तिच्या हाताखाली सरकवायचा आणि दोघांनी मिळून वस्तूपर्यंत जायचं. नको असेल तर तिला हात काढून घेता येतो.

कागदपत्रांबद्दल दोन-तीनच वाक्यं, कारण त्यावर वेगळं रामायण होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डेफब्लाइंडनेस (बहिरेपण आणि अंधत्व एकत्र) बहुविकलांगतेत धरलाय, तेव्हा प्रमाणपत्रावर नुसतं "श्रवणदोष" लिहून आणू नका. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या योजना फक्त कानाच्या किंवा फक्त डोळ्याच्या प्रमाणपत्रावर मिळत नाहीत, बहुविकलांगतेवर मिळतात. ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते.

आता बोर्डाचं. कपाटामागचा तुकडा लावायचा ठरवते आहे, पण तोही तसलाच कमर्शियल प्लाय. यंदा खालूनही पॉलिशचे हात, पट्टीच्या सांध्यात फेव्हिकॉल, आणि रात्री बोर्ड भिंतीला उभा करून ठेवायचा. वॉटरप्रूफ प्लायची ४ एमएम शीट दुकानदार मागवून देतो म्हणतोय, भाव जवळजवळ दुप्पट. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी तरी थांबणार. ज्यांचं मूल २०-२२ किलोच्या पुढे गेलंय त्यांनी मात्र सुताराला समोर बसवून वजन टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमची अजून १४ किलोची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत लिटल रूम करायची आहे, म्हणजे मुलाला आत निजवायची खोक्यासारखी छोटी खोली, वरून इलास्टिकने वस्तू टांगलेली, रोज त्याच जागी. ॲक्रिलिकच्या छताचा भाव काढलाय, सुतार तयार आहे. त्याने आत्ताच विचारून ठेवलंय, "ताई, ह्यालाबी पातळच लागंल का?" जाडी या वेळी कागदावर लिहून, त्याची सही घेऊन देणार आहे.