पाठीवरचा ब्लोअर : दोन उन्हाळे वापरून

हे वाऱ्याच्या झोताने पाला उडवायचं यंत्र मी अंगण झाडायला घेतलेलं नाही. दुकानदारालाही तसंच वाटलं होतं आणि तो हातात धरायचं छोटं मॉडेल माझ्या गळ्यात मारत होता. माझं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. एका बांधाला लागून वनखात्याचा साग, आणि डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) माझ्या विहिरीपर्यंत सहा पोलांची एलटी, म्हणजे कमी दाबाची लाइन. तीन वर्षांमागे मार्चमध्ये भरदुपारी वारं सुटलं, झोळ आलेल्या दोन तारा एकमेकींना लागल्या आणि ठिणग्या खालच्या पाल्यावर पडल्या. सागाचं वाळलेलं पान म्हणजे भाजलेला पापडच. पोहोचेपर्यंत केळीच्या खोडव्यातल्या ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या होत्या. जंगल वाचलं ते फक्त वारं शेताकडे होतं म्हणून.

31 वर्षं वायरमन म्हणून पोलावर चढलोय, त्यामुळे वरचं काम काय ते माहीत होतं. लाइन बंद ठेवायचं रीतसर परमिट घेऊन तारा ओढून घेतल्या, मध्ये तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे स्पेसर बसले. राहिला खालचा पाला, त्यासाठी हा ब्लोअर. साडेचौदा हजारांना पडला. लिटरभर पेट्रोलमध्ये 40 मिली टू-टी ऑइल, आणि टाकी भरून पाठीवर घेतला की दहा-बारा किलोचं ओझं. माझ्या वयाला झेपतं, पण मध्ये एकदा बसावं लागतं.

काम मात्र झकास. तारेखालचा बारा फुटी पट्टा आधी दोन बाया दाताळ्यांनी दोन दिवस ओढायच्या. आता मी आणि सालदार दीड तासात मोकळे. एक गोष्ट अनुभवाने कळली : सकाळी दव असतं, पान मातीला धरून बसतं, यंत्र नुसतं बोंबलतं. दुपारी वारं सुटतं आणि उडवलेला पाला परत तोंडावर. दहा ते साडेअकरा हीच वेळ. गवत याने निघत नाही, ते आधी विळ्याने कापायचं. आवाज इतका, की शेजारच्या आप्पांची म्हैस पहिल्या दिवशी दावं तोडून गेली. उजव्या पट्ट्याची शिलाई महिन्यात उसवली. चोपड्याला चांभाराकडून दुहेरी मारून घेतली, साठ रुपये. पट्टा मुळातच हलका दिलाय, तिथे दोन गुण कापतो.

पण खरी गोष्ट सायलेन्सरच्या तोंडाशी आहे. तिथे नखाएवढी बारीक तारेची जाळी असते, इंजिनातून येणारे पेटते कण अडवायला. काजळीने ती बुजली की मशीन दमतं. मी सर्व्हिसिंगला नेलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आबा, हाई जाळी काढी टाकू, मंग देखा कशी पयस (पळते)!" आणि मी चहाला गेलो तेवढ्यात त्याने काढलीही.

मी चिडलो त्याला कारण आहे. 2019 च्या ऑक्टोबरात मी लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो, सॅक्रामेंटोच्या पुढे डोंगराकडे. एका रात्री लाइट गेली ती आलीच नाही. मी म्हटलं, घ्या, इथेही भारनियमन! जावई म्हणाले, नाही मामा, वारं सुटणार म्हणून कंपनीनेच बंद केलीय. आदल्या वर्षी, 8 नोव्हेंबर 2018 ला, तिकडे पॅरडाइज गाव जळालं, 85 माणसं गेली. कारण काय, तर पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या सुमारे शंभर वर्षं जुन्या लाइनवरचा एक झिजलेला हूक तुटला, तार टॉवरला लागली आणि ठिणग्या खालच्या वाळल्या गवतात पडल्या. माझ्याच बांधावरची गोष्ट, फक्त एलटीच्या जागी 115 केव्हीची उच्च दाबाची लाइन. पुढे 2020 मध्ये कंपनीने त्यातल्या 84 मृत्यूंचा गुन्हा कोर्टात कबूल केला.

लाइन कंपनीची आणि झाड केंद्र सरकारच्या जंगलातलं, हा घोळ तिथेही आहे. 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला : पडलं तर तारेच्या दहा फुटांत येईल असं धोक्याचं झाड कंपनीला मंजूर आराखड्याप्रमाणे काढता यावं, आणि अगदीच गळ्याशी आलं तर आधी कापून एका दिवसाच्या आत वनखात्याला कळवावं. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात या दहाचे दीडशे फूट केलेत. दहा फूट मला कमीच वाटतात. पण दीडशेही मला खटकतात. लाइनच्या नावाने साग पाडायचा म्हटल्यावर कटर कसं दुपटीने पळतं, ते मी नोकरीत पाहिलंय. आपल्याकडे 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 68 मध्ये झाड काढायचा हुकूम दंडाधिकारी देतात, आणि झाड लाइनच्या आधीचं असेल तर मालकाला भरपाई. तेव्हा आधी कोण आलं, झाड की पोल, इथून वाद सुरू.

माझा ब्लोअर बांधापाशी थांबतो. निम्मा पाला पलीकडून येतो आणि पलीकडे जायचा मला अधिकार नाही. दर फाल्गुनात वनखात्याच्या गार्डला फोन करतो. तो भला माणूस आहे, येतो, त्यांची जाळरेषा (आग अडवायचा मोकळा पट्टा) त्या कडेने काढून देतो.

तर घ्यायचा का? पाला सागाचा असेल आणि तारा ओढून घेतलेल्या असतील तर जरूर घ्या. वर झोळ तसाच असेल तर हे पैसे आधी तिकडे घाला. आणि घेताना सायलेन्सरमध्ये जाळी आहे का, ते बोट घालून बघा, अर्थात इंजिन थंड असताना. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत आगीच्या दिवसांत हुकूम निघाला की अशा जाळीशिवाय इंजिन चालवणं गुन्हा ठरतो. पाला उडवायला जायचं आणि आपणच ठिणगी टाकून यायची!

मिस्त्रीकडची जाळी मी त्याच्या भंगाराच्या डब्यातून शोधून काढली आणि समोर उभं राहून बसवून घेतली. आता दर पंधरवड्याला नातू जुन्या टूथब्रशने घासतो आणि काळे झालेले हात आजीच्या पदराला पुसतो.