जुना लॅपटॉप, जेलीफिन आणि बाबांचा टॅब्लेट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या गावभागात आमचे दुमजली घर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हा भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरच्या बाबांच्या कॅसेटी गेल्या आणि वरच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या. वाचलेल्यांत मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभांना जाऊन बाबांनी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली ध्वनिमुद्रणे होती, गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बैठका होत्या आणि आजीच्या ओव्यांची साठ मिनिटांची एकुलती एक कॅसेट होती. त्यांच्या जोडीला बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीडी, माझ्या लग्नाच्या डीव्हीडी आणि मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या अकरा टेपा असा सगळा ऐवज मी दोन-तीन वर्षे खर्ची घालून संगणकावर उतरवून घेतला. तो बाबांनी ऐकायचा-पाहायचा कसा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. ते संगणकासमोर बसत नाहीत, पण दहा इंची अँड्रॉइड टॅब्लेट त्यांच्या हातात चांगला बसला आहे. त्या टॅब्लेटमध्ये जागा ६४ जीबी आणि माझा ऐवज सुमारे ४०० जीबी. म्हणून फाइली एका जागी ठेवून घरच्या वाय-फायवरून टॅब्लेटवर चालवायच्या, असे गेल्या जूनमध्ये ठरवले. आता नऊ महिने झाले आहेत, आणि या मांडणीचे गुणदोष पुरते कळले आहेत असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

सर्व्हर, म्हणजे फाइली साठवून घरातल्या इतर उपकरणांना पुरवणारा संगणक, म्हणून मी नवे काही विकत घेतले नाही. कपाटात पडलेला, सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि आठ जीबी मेमरी असलेला लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स बसवले, झाकण मिटले तरी झोपी जाऊ नये अशी सोय केली आणि दोन टीबीची बाहेरची डिस्क जोडून तो वरच्या मजल्यावर राउटरशेजारी ठेवला. वरच्या मजल्यावर का, हे सांगलीकरांना सांगावे लागणार नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत वाय-फाय न वापरता केबल लावली, कारण एकच फाइल हवेतून आधी वर आणि मग खाली अशी दोनदा नेण्यात निम्मा वेग वाया जातो. पडदा बंद असताना हा लॅपटॉप साधारण १२ वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला नऊ युनिटांच्या आत भागते. वीज गेली तर त्याची स्वतःची बॅटरी आहेच आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे वीज नसतानाही बाबांचे भजन थांबत नाही. सतत चार्जिंगला लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी कालांतराने फुगू शकते, हे लक्षात घेऊन चार्जिंगची मर्यादा साठ टक्क्यांवर आणली आहे. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये अशी सोय नसेल त्यांनी अधूनमधून तो उलटा करून तळ पाहावा.

पहिला महिना मी फक्त डिस्कवरचा फोल्डर नेटवर्कवर उघडा केला आणि टॅब्लेटवर व्हीएलसी हे गाणी-चित्रफिती चालवणारे ॲप बसवले. व्हीएलसी स्वतःच नेटवर्कवरची सामायिक फोल्डरे शोधते आणि जवळजवळ कोणत्याही प्रकारची फाइल चालवते. व्हीसीडीतल्या डॅट फाइलीसुद्धा तिने तक्रार न करता चालवल्या. एकट्या, जाणकार माणसासाठी ही सोय पुरेशी आहे आणि पुढचे काहीही करण्याची गरज नाही, असे मी आजही म्हणेन. पण बाबांना फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर ही रचना रुचली नाही. काल अर्धवट ऐकलेली बैठक आज कुठे सापडायची, हे त्यांना रोज मला विचारावे लागे, आणि मी कचेरीत असताना फोनवरून ‘आता मागचा बाण दाबा, नाही, डावीकडचा’ असे सांगणे दोघांनाही जड जाऊ लागले.

म्हणून जुलैत लॅपटॉपवर जेलीफिन बसवले. गाणी आणि चित्रफितींचा संग्रह मांडून तो इतर उपकरणांवर चालवू देणारे हे सर्व्हर सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. एम्बी या सॉफ्टवेअरने आपला स्रोत बंद केला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यापासून फुटून ते निघाले. त्यात घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते करता येते, कोणी कुठपर्यंत पाहिले ते लक्षात राहते, आणि ॲप उघडताच पहिल्याच पानावर ‘पुढे पाहा’ अशी ओळ येते. बाबांच्या दृष्टीने ही एक ओळ म्हणजेच सगळे ॲप आहे. तिच्या खाली काय आहे हे त्यांनी इतक्या महिन्यांत फारसे पाहिलेले नाही. सुरुवातीला एक चूक माझ्या हातून झाली. संग्रह तयार करताना त्याचा प्रकार मी ‘चित्रपट’ असा निवडला, तेव्हा सर्व्हरने इमानेइतबारे इंटरनेटवर शोध घेऊन बहिणीच्या केळवणाला कुठल्याशा परदेशी चित्रपटाचे भित्तिपत्रक चिकटवले. आईने ते पाहून ‘ही कोण बाई?’ असे विचारल्यावर चूक ध्यानात आली. घरगुती चित्रणासाठी ‘घरचे व्हिडिओ व फोटो’ असा वेगळा प्रकार असतो, आणि तो निवडला की सर्व्हर बाहेरचे काही शोधायला जात नाही.

आता मुख्य गोष्ट. घरच्या नेटवर्कवरून काही चालवताना दोन शक्यता असतात. टॅब्लेटला फाइल आहे तशी उलगडता आली, तर सर्व्हर ती नुसती उचलून पाठवतो आणि या कामाला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरून उरतो. उलगडता आली नाही, तर सर्व्हरला ती चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवावी लागते, आणि तिथे जुन्या यंत्राची दमछाक होते. बहुतेकांचा समज असा की अडखळले म्हणजे वाय-फाय मंद आहे. माझ्याकडे पहिल्या दोन महिन्यांतले बहुतेक अडखळणे या बदलण्यातून आलेले होते. मिनीडीव्हीची एक तासाची टेप १३ जीबी होते आणि तिचा चित्रप्रवाहच सेकंदाला २५ मेगाबिटांचा असतो. डीव्हीडीवरचे एमपीईजी-२ हे स्वरूपही अँड्रॉइड टॅब्लेटवर उलगडेलच याची हमी नसते. बाबांनी माझ्या लग्नाची डीव्हीडी लावली की वर लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागे, आणि खालून आवाज येई, ‘अरे, ते परत गोल गोल फिरतंय बघ.’ सर्व्हरच्या नियंत्रण पानावर चालू असलेली फाइल थेट जात आहे की बदलून जात आहे, आणि बदलत असेल तर का, हे स्पष्ट लिहिलेले असते. हे पान मी पहिल्याच आठवड्यात पाहायला हवे होते.

त्यावर उपाय म्हणून, सर्व्हरला अधिक ताकद देण्याऐवजी, सगळ्या जुन्या चित्रफिती हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एकदाच एच.२६४ स्वरूपात बदलून ठेवल्या. त्यासाठी रोज रात्री दोन-तीन फाइली लावून झोपायचे, असा क्रम सुमारे महिनाभर चालला. एच.२६५ मध्ये फाइली आणखी लहान झाल्या असत्या, पण एच.२६४ हे २००३ पासूनचे स्वरूप असल्यामुळे ते न चालणारे उपकरण आमच्या किंवा पाहुण्यांच्या घरी सापडणे कठीण, म्हणून तेच घेतले. तेरा जीबीची टेप दोन जीबीवर आली आणि दहा इंची पडद्यावर फरक मला दिसत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. कॅमेऱ्याच्या टेपा आणि डीव्हीडी यांतले चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेले असते. जुन्या दूरचित्रवाणी संचावर ते शोभून दिसे, पण टॅब्लेटवर अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसू लागतात. बदलताना या रेषा सांधण्याचा पर्याय आठवणीने चालू ठेवावा. मूळ टेपांच्या फाइली मी पुसलेल्या नाहीत; त्या वेगळ्या डिस्कवर बहिणीकडे विट्याला ठेवल्या आहेत, कारण कृष्णेचे पाणी दर वेळी पायरी मोजून येत नाही.

ध्वनीच्या बाबतीत असा त्रास नाही. कॅसेटी मी फ्लॅक स्वरूपात उतरवल्या आहेत. त्यात मूळ ध्वनीतले काहीच गाळले जात नाही आणि आकार साधारण निम्म्यावर येतो. टॅब्लेट त्या थेट वाजवतो, आणि गाण्यासाठी बाबा जेलीफिनशीच जोडले जाणारे फिनअँप हे वेगळे ॲप वापरतात, कारण त्यात निवडक बैठका टॅब्लेटमध्ये उतरवून ठेवता येतात. विट्याला जाताना एसटीत त्या ऐकता येतात.

तरीही ऑक्टोबरपासून एक विचित्र तक्रार सुरू झाली आणि तिने मला जवळजवळ महिनाभर फिरवले. सेकंदाला एक मेगाबिटही न लागणारे गाणे मध्येच तुटू लागले, जेव्हा त्याच खोलीत चित्रफीत नीट चालत होती. मी सर्व्हर तपासला, डिस्क तपासली, राउटर बदलण्याच्या बेतापर्यंत आलो. मग लक्षात आले की दसऱ्याला भाच्याने बाबांना ब्लूटूथ स्पीकर भेट दिला होता, आणि तक्रार त्यानंतरची आहे. तारेचा इअरफोन लावून तेच गाणे नेटवर्कवरून वाजवले, तुटले नाही. टॅब्लेटमध्ये उतरवलेले गाणे ब्लूटूथवर वाजवले, तेही तुटले नाही. दोन्ही एकत्र केले की तुटे. ब्लूटूथ आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा एकच आहे, आणि अनेक टॅब्लेटांमध्ये दोघांना अँटेनाही सामायिक असते. त्यामुळे दोघे आळीपाळीने बोलतात आणि त्यात गाण्याचा एखादा तुकडा मागे राहतो. आईने शेजारच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला की परिस्थिती आणखी बिघडे, कारण तोही याच पट्ट्यात चालतो.

बाबांचा टॅब्लेट ५ गिगाहर्ट्झवर आणणे हा उपाय उघड होता, पण त्या लहरी भिंती आणि स्लॅब ओलांडण्यात कच्च्या. वरच्या मजल्यावरच्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल सळया भरलेल्या स्लॅबखाली बाबांच्या खोलीत पोहोचेपर्यंत नावापुरता उरे. शेवटी जिन्याच्या कडेने केबल खाली आणली आणि घरात पडून असलेला जुना राउटर तळमजल्यावर लावला. त्याचे उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले, दोन्ही राउटरांचे लॅन पोर्ट (घरातल्या उपकरणांच्या केबलसाठीच्या खाचा) एकमेकांना जोडले आणि वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द वरच्यासारखाच ठेवला. यासाठी केबल आणि खिळे यांपलीकडे खर्च आला नाही. गाणे तुटणे त्या दिवसापासून थांबले. नव्याने हे करणाऱ्याला माझा सल्ला असा की बाकी काहीही घेण्याआधी केबल टाकावी. हवेतून सिग्नल पुढे ढकलणारे जे छोटे डबे मिळतात, त्यांतला एक मी आधी आणून पाहिला होता आणि तो आता कपाटात आहे.

मराठीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्या फाइलींना मी देवनागरीत नावे दिली आहेत आणि ती टॅब्लेटवर नीट दिसतात. शोधताना मात्र गोंधळ होतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहिण्याच्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत, दोन रीती आहेत, एक ऱ वापरून आणि दुसरी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे. मी लॅपटॉपवर एका रीतीने नाव लिहिले आणि टॅब्लेटचा कळफलक दुसऱ्या रीतीने लिहू लागला, तर ‘वऱ्हाड निघताना’ ही फीत डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. ज्या नावांत अशी अक्षरे आहेत ती मी आता टॅब्लेटवरच टंकून घेतो.

किरकोळ बाबी थोडक्यात सांगतो. राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा, नाही तर वीज जाऊन आली की टॅब्लेट जुन्याच पत्त्यावर सर्व्हर शोधत बसतो. पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय चालू असेल तर त्यावरून घरातला सर्व्हर दिसत नाही. ते तसे मुद्दामच असते. जुन्या टीव्हीसाठी डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइली पुरवण्याची एक पद्धत) लागत असेल, तर २०२४ मधील १०.९ या आवृत्तीपासून जेलीफिनमध्ये त्याचे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, वेगळे बसवावे लागते, हे ध्यानात ठेवावे. पडदा बंद झाला की गाणे थांबत असेल, तर टॅब्लेटची बॅटरी बचतीची सोय त्या ॲपपुरती बंद करावी. आमच्या टॅब्लेटवर हे सेटिंग सापडायला मला तीन मेनू ओलांडावे लागले आणि टॅब्लेटचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर ते पुन्हा पूर्ववत झाले. सर्व्हर इंटरनेटवर उघडा करण्याचा मोह मी टाळला आहे.

एक दोष अजून राहिला आहे. बाबा वरच्या मजल्यावर झोपाळ्यावर बसून ऐकत असतात आणि जेवायला खाली येतात, तेव्हा टॅब्लेट वरच्याच राउटरचा क्षीण सिग्नल धरून बसतो, शेजारी खालचा राउटर असूनही. राउटरमध्ये यावर काही उपाय असेल म्हणून मी वरच्याची शक्ती कमी करून पाहिली, त्याने थोडा फरक पडला, पुरता नाही. बाबांनी स्वतःच एक रीत काढली आहे. खाली आले की ते आधी वाय-फाय बंद करतात, पाट मांडून होईपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा चालू करतात.