मोठ्या शहरात पहिली नोकरी: मोठी कंपनी की छोटी?

दोन्ही ऑफर हातात आहेत आणि ठरत नाहीये म्हणतोस, तर कंपन्या सांगतात ते 'आम्ही एक फॅमिली आहोत' वगैरे आधी बाजूला ठेव.

पगार: पॅकेजचा आकडा बघू नकोस, दर महिन्याला हातात किती पडणार ते विचार. मोठ्या कंपनीच्या आकड्यात बोनस, इन्शुरन्स सगळं धरलेलं असतं, आणि घरभाडं, डिपॉझिट मात्र पहिल्याच महिन्यात रोख द्यावं लागतं. छोटीकडे पगार वेळेवर होतो का हे तिथल्याच कुणालातरी विचार.

शिकणं: इथे खरा फरक पडतो. छोट्या कंपनीत क्लायंटशी बोलण्यापासून काम पोचवेपर्यंत सगळं अंगावर पडतं, वर्षभरात पूर्ण धंदा कसा चालतो ते कळतं, पण चूक दाखवणारा सीनियर असेल तरच, नाहीतर चुकीच्या सवयीच पक्क्या होतात. मोठ्या कंपनीत ट्रेनिंग नीट मिळतं, काम मात्र एकाच तुकड्याचं.

स्थैर्य: कपात दोन्हीकडे होते. छोटीचा एक मोठा क्लायंट गेला तरी संकट.

पुढची नोकरी: मोठं नाव मुलाखतीपर्यंत पोचवतं, पुढे केलेलं कामच बोलतं. आणि मोठ्या शहरात एकाच क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या असतात, त्यामुळे घर न बदलताही नोकरी बदलता येते.

डोक्यावर कर्ज असेल, घरी पैसे पाठवायचे असतील तर मोठी घे. चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीशी आहे आणि सीनियर चांगला वाटला तर छोटी.