जर्मन नटक्रॅकर घेताय? आधी बूड वाचा

663 युरो. होय, पाठीमागची दांडी हलवली की जबड्यात अक्रोड फोडणाऱ्या लाकडी बाहुल्यांवर. हसायचं तर हसून घ्या, घरचे कधीच हसून झालेत.

लिंकन, वॉशिंग्टन आणि बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, असे तीन नटक्रॅकर. विकणाऱ्याची गोष्ट नेहमीचीच: आजोबांचा संग्रह, घर रिकामं करायचंय, दुसरं गिऱ्हाईक दारात. किंमत 480, टपाल 65. साइटवर नको, कमिशन कापतात, थेट खात्यात टाका. टाकले. मग 118 'कस्टमची ठेव', म्हणे परत मिळणारी. विकणारा अशी ठेव मागायला लागला की तिथेच थांबा.

आणि तो फोटो! लुडविगच्या बुडाचा. मीच मागितला होता, तेव्हा डोळे झाकून घेतलं असं कोणी म्हणू नये. वर्णन: 'झायफनच्या कारागिराने 1985 मध्ये घडवलेला'. बुडावर शिक्का: 'पश्चिम जर्मनी'. अहो, झायफन सॅक्सनीत, 1985 मध्ये चक्क पूर्व जर्मनीत! विल्हेल्म फ्युश्टनरने 1870 च्या सुमारास लेथवर नटक्रॅकर घडवले तेच हे गाव, हे मीच लोकांना ऐकवत असतो. पण शिक्का दिसला आणि जीव भांड्यात पडला. समोर मुकुट घातलेला राजा असताना शिक्का वाचत कोण बसतं?

खोक्यातून रेझिनचे ठोकळे निघाले. पाठीमागची दांडी उचलली तर लिंकनचा जबडा ढिम्म; दांडी नुसती चिकटवलेली. कानामागून टोपीपर्यंत साच्याची शिवण. दाढीसुद्धा रंगवलेली! जबडा उघडतानाचा व्हिडिओ मागा, फोटोवर जाऊ नका.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. साइट म्हणते, व्यवहार आमच्याबाहेरचा. पोलिसांत गेलो तर साहेब म्हणाले, "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" वर, "मूल केवढं आहे तुमचं?" तक्रारीत वस्तू म्हणून 'खेळणी' लिहिलं, मी डोळ्यांनी पाहिलं. विकणारा परदेशात, म्हणून तिकडे लिहा. तिकडे लिहिलं, तर तुमच्या पोलिसांमार्फत या. राजे, शिपाई, पोलीस यांनाच दातांनी कवच फोडायला लावणाऱ्या झायफनकडच्या डोंगरी कारागिरांची चीड आता समजते. 'तपास चालू' एवढंच उत्तर येतं, तेही मी फोन केला तर.

जाहिरात पुन्हा लागली आहे. फोटो तेच, नाव दुसरं, किंमत 520. आजोबांच्या जागी आता आजी आहेत, आणि लुडविगच्या बुडाचा फोटो मागितला तर उत्तर येत नाही.